पंक सिंगल्सची वेगवेगळी प्रेसिंग्ज : तुमच्याकडची कॉपी नेमकी कुठली?

सात_इंची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज एकदाचा धागा काढतोय. मी पंकच्या सात इंची सिंगल्स जमवतो, साधारण १९७६ ते १९७९ मधल्या, आणि त्यातही एकाच सिंगलची वेगवेगळी प्रेसिंग्ज, म्हणजे वेगवेगळ्या वेळी दाबून काढलेल्या आवृत्त्या. घरचे विचारतात गाणं एकच आहे ना, मग तीन तीन तबकड्या कशाला. मला विचाराल तर गाणं एक असलं तरी तबकडी एक नसते, कुणी कापली, कुठल्या कारखान्यात दाबली, लेबलवर कुणाचं नाव चुकलं आणि ते कधी दुरुस्त केलं, हे सगळं त्या सात इंचांत उमटलेलं असतं, फक्त वाचता यायला हवं. आणि तिथेच माझं अजून कच्चं आहे.

आता अडचण. गेल्या महिन्यात बझकॉक्स या मँचेस्टरच्या पंक बँडची 'स्पायरल स्क्रॅच' घेतली. विकणाऱ्याने "१९७७, पहिलं प्रेसिंग" असं स्पष्ट लिहिलं होतं आणि पैसेही त्याच हिशोबाने लावले होते. आली, वाजवली, दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी कव्हर नीट वाचलं तर बझकॉक्सच्या नावाबरोबर "विथ हॉवर्ड डिव्होटो" असं छापलेलं. म्हटलं हे काय, तो तर बँडचा गायकच होता, मग पाहुण्यासारखं नाव वेगळं का? जाणकारांनी सांगा प्लीज. आणि ज्यांच्याकडे अशा वेगवेगळ्या कॉप्या आहेत त्यांनीही इथे लिहा, म्हणजे सगळं एका जागी राहील.

खाच

सात_इंची, वाईट वाटतंय सांगायला पण तुमची कॉपी १९७९ ची आहे. "विथ हॉवर्ड डिव्होटो" ही ओळ फक्त पुनर्मुद्रणावर आहे, १९७७ च्या कव्हरवर नुसतं बझकॉक्स.

कारण सोपं आहे. हा ईपी, म्हणजे तीनचार गाण्यांची छोटी रेकॉर्ड, आला जानेवारी १९७७ च्या शेवटी आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत डिव्होटो बँड सोडून गेला, पुढे त्याने मॅगझिन नावाचा बँड काढला. मग बँडचा गिटारवादक पीट शेली गायला लागला, बझकॉक्स मोठ्या कंपनीत गेले, लोकांच्या कानात शेलीचा आवाज बसला. १९७९ मध्ये हाच ईपी परत काढला तेव्हा दोन्ही नावांना वजन आलेलं होतं म्हणून दोन्ही छापली. तेव्हा तो ब्रिटनच्या चार्टमध्ये ३१ व्या नंबरापर्यंत गेला, म्हणजे १९७९ च्या कॉप्या भरपूर आहेत, त्या पहिल्या म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. पैसे परत मागा, फोटोसकट लिहा.

अनवट

खाचताईंशी सहमत, आणि थोडी भर.

या ईपीचं कव्हर हातात घेऊन निवांत वाचण्यासारखं आहे. मँचेस्टरला पिकाडिलीत रॉबर्ट पीलचा पुतळा आहे त्याच्या पायाशी बँड उभा आहे, फोटो पोलरॉइडवर काढलेला, काढणारा त्यांचा मॅनेजर रिचर्ड बून. आणि प्रत्येक गाण्यापुढे कितवा टेक आणि वरून काही चढवलंय का, म्हणजे डब, हे लिहिलंय. 'ब्रेकडाउन'ला तिसरा टेक, डब नाही. 'बोअरडम'ला पहिला टेक, गिटारचा डब. म्हणजे ऐकणाऱ्याला सांगून टाकलं की बाबांनो हे इतकं सोपं आहे, तुम्हीही करा. २८ डिसेंबर १९७६ ला एका दिवसात रेकॉर्ड केलं, प्रोड्यूसर मार्टिन हॅनेट, तेव्हा त्याने मार्टिन झीरो असं नाव लावलं होतं. मित्रांकडून, घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि १००० कॉप्या काढल्या. त्या खपल्यावर परत काढल्या, परत खपल्या, असं करत १६००० वर गेले.

म्हणून १९७७ ची कॉपी मिळाली तरी ती पहिल्या हजारातली असेलच असं नाही हे लक्षात ठेवा, नाहीतर परत फसाल. "१९७७ ची" आणि "पहिल्या हजारातली" हे दोन वेगळे दावे आहेत आणि त्यांची किंमत वेगळी असते.

सात_इंची

खाच, अनवट, मनापासून आभार. विकणाऱ्याला लिहिलंय, बघू काय म्हणतो. पण आता मला सगळ्याच कॉप्यांबद्दल शंका यायला लागलीये. तुम्ही लोक लेबल आणि कव्हर सोडून अजून काय बघता? ते मधल्या गुळगुळीत भागावरचे आकडे वाचतात म्हणे, त्यातलं मला ओ का ठो कळत नाही.

खाच

तोच तर खरा खजिना आहे. जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी रिकामी पट्टी उरते तिला रनआउट म्हणतात. तिथे मॅट्रिक्स नंबर असतो. कुठे यंत्राने ठोकलेला, कुठे सुईसारख्या टोकाने हाताने खरवडलेला. तबकडी कशी बनते ते डोळ्यासमोर आणा : कापणारा इंजिनियर लॅकरच्या चकतीवर खाच कापतो, त्यावर धातू चढवून उलटा साचा काढतात, त्याच्यावरून सुलटा म्हणजे मदर, आणि मदरवरून परत उलटे स्टॅम्पर. हे स्टॅम्पर प्रेसमध्ये बसतात आणि त्यांच्यात गरम प्लास्टिक दाबलं की तुमची रेकॉर्ड. स्टॅम्पर झिजतो, मग नवा लावतात. एका लॅकरवरून अनेक मदर, एका मदरवरून अनेक स्टॅम्पर. तर रनआउटवरचे आकडे म्हणजे तुमच्या कॉपीची वंशावळ आहे.

इएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या त्या काळातल्या तबकड्यांवर हे सगळ्यात छान वाचता येतं. रेकॉर्ड अशी धरा की मॅट्रिक्स नंबर खाली, घड्याळात सहा असतात तिथे येईल. मग नऊच्या जागी एक आकडा दिसेल तो मदरचा. तीनच्या जागी एकदोन अक्षरं दिसतील, ती स्टॅम्परची. अक्षरं म्हणजे सांकेतिक आकडे आहेत, जी आर ए एम ओ पी एच एल टी डी, "ग्रामोफोन लिमिटेड"मधली. जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी शून्य. माझ्याकडच्या एका इएमआय सिंगलवर नऊला १ आहे आणि तीनला ए एम. म्हणजे पहिली मदर, ३४ वा स्टॅम्पर. ते पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मी भिंग हातात धरून कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते, चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी तो धातूचा तुकडा मशीनमध्ये बसवला आणि त्याचा नंबर आपल्या हातात आहे.

टॉर्च वरून मारू नका, चकाकी येते आणि काही दिसत नाही. बाजूने, जवळजवळ आडवा धरा. सावली पडली की खरवडलेली अक्षरं उठून दिसतात.

बी_साइड

खाचताई, वाचनखूण साठवली. यात एक भर घालतो. रनआउटवर कापणाऱ्याची सही पण असते कधीकधी. जॉर्ज पेकहॅम नावाचा इंग्रज इंजिनियर होता, तो "पोर्की" किंवा "अ पोर्की प्राइम कट" असं हाताने कोरायचा. पंक आणि न्यू वेव्हच्या कितीतरी रेकॉर्डांवर त्याची खूण सापडते. काही बँड तर मुद्दाम एखादं वाक्य कोरून घ्यायचे. ऐकताना सुई तिथून फिरते आणि आपल्याला पत्ताच नसतो.

मोनो

मी या धाग्यात थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी पण प्रेसिंग्ज जमवतो पण कानासाठी. लेबलवरच्या टिंबांनी आणि रंगांनी मला फरक पडत नाही. एकाच सिंगलच्या दोन कॉप्या लागोपाठ लावून बघा, एकीत झांज स्वच्छ वाजते आणि दुसरीत नुसतं फस्स होतं, मग लोक म्हणतात पंकचं रेकॉर्डिंगच तसलं. रेकॉर्डिंग तसलं नसतं हो, झिजत आलेल्या स्टॅम्परची कॉपी असते किंवा आधीच्या मालकाने जड सुईने खरवडलेली असते. आणि अमेरिकन सिंगल्समध्ये बऱ्याच स्टायरीनच्या असतात, विनाइलच्या नाही, त्या दिसायला चकचकीत पण खराब सुईने लवकर जळतात, तो खरखराट कितीही धुतलं तरी जात नाही. म्हणून मी दिसण्यावरून दिलेली ग्रेड कधीच मानत नाही, वाजवून ग्रेड दिलीये का हे आधी विचारतो.

अनवट

मोनो, राग कसला, मुद्दा बरोबर आहे. पण टिंबं आणि रंग इतके हलके घेऊ नका. लेबलच सांगतं की ती कॉपी कधीची, आणि कधीची हे कळलं की ती का तशी आहे हे कळतं.

सेक्स पिस्टल्स या बँडचं 'अनार्की इन द यूके' घ्या. कॅटलॉग नंबर इएमआय २५६६, २६ नोव्हेंबर १९७६. सुरुवातीच्या कॉप्या साध्या काळ्या कव्हरमध्ये आल्या, वर ना नाव ना फोटो, लेबल दिसायला मधे भोकही नाही. आणि त्या लेबलवर दोन्ही बाजूंना प्रोड्यूसर म्हणून क्रिस थॉमसचं नाव. पण मागच्या बाजूचं 'आय वॉना बी मी' डेव्ह गुडमनने केलं होतं. चूक लक्षात आली, नंतरच्या कॉप्यांवर गुडमनचं नाव आलं आणि कव्हरही कंपनीचं नेहमीचं झालं. मग १ डिसेंबरला टीव्हीवर तो बिल ग्रंडीचा कार्यक्रम झाला, त्यात बँडने थेट प्रक्षेपणात शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच, इएमआयच्या हेझच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामगारांनी रेकॉर्डला हात लावायला नकार दिला, आणि जानेवारी १९७७ मध्ये इएमआयने बँडला काढून टाकलं. एवढ्या दीड महिन्यात हे सगळे फरक घडलेत. माझ्याकडे थॉमसवाली आणि गुडमनवाली दोन्ही आहेत, शेजारी शेजारी ठेवली की तो दीड महिना समोर दिसतो. कानाने हे कळणार नाही मोनो.

मोनो

मान्य. हे असं कुणी सांगितलंच नव्हतं कधी. माझ्याकडची काढून बघतो.

काळी_तबकडी

पिस्टल्सचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची विनंती, 'गॉड सेव्ह द क्वीन'ची ए अँड एम या कंपनीची कॉपी कुणी देत असेल तर आधी श्वास घ्या.

१० मार्च १९७७ ला बकिंगहॅम पॅलेससमोर टेबल मांडून करारावर सह्या केल्या, १६ मार्चला करार रद्द. आठवडा पण नाही. तोपर्यंत साधारण २५००० कॉप्या दाबून झाल्या होत्या, त्या नष्ट करायला लावल्या. थोड्या वाचल्या. आज खरी कॉपी हजारो पौंडांना जाते आणि म्हणूनच नकला पण चिक्कार आहेत, काही तर इतक्या जुन्या की त्याच आता पिवळ्या पडल्यात आणि खऱ्या वाटतात. मी स्वतः एकदा अशा नकलेला भुललो होतो. पैसे गेले त्यापेक्षा एक वर्ष ती फ्रेममध्ये लावून सगळ्यांना दाखवली याचं जास्त वाईट वाटतं.

मला कळलं ते असं. नकली लेबल हे खऱ्या लेबलचा फोटो काढून छापलेलं असतं. भिंगाखाली बारीक अक्षरांच्या कडा बघा, खऱ्यावर कडा धारदार असतात, नकलेवर शाई पसरल्यासारख्या, आणि सपाट रंग असायला हवा तिथे ठिपक्यांची जाळी दिसते. आणि रनआउट. लेबल हुबेहूब करता येतं पण रनआउटवरचे आकडे त्याच पद्धतीने, त्याच जागी, त्याच वळणाने आणणं अवघड असतं. खऱ्या कॉपीच्या रनआउटचा फोटो शेजारी धरूनच ताडून बघा, आठवणीवर जाऊ नका.

सगळ्यांकडे असते ती मे महिन्यातली व्हर्जिन कंपनीची कॉपी, व्हीएस १८१, जेमी रीड या चित्रकाराने केलेलं निळं चंदेरी कव्हर. दोघींमधला सोपा फरक मागच्या बाजूला आहे. ए अँड एमवर 'नो फीलिंग्ज', व्हर्जिनवर 'डिड यू नो राँग'. म्हणजे इथे तर नुसतं प्रेसिंग नाही, अर्धी रेकॉर्डच वेगळी आहे.

टेनिस_शूज

मी नवीन आहे या छंदात, वाचतेय सगळं आणि फार मजा येतेय. पण एवढे पैसे नाहीत माझ्याकडे. परवडेल असं काही नाही का, जिथे वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत आणि तरी कर्ज काढावं लागणार नाही?

खाच

आहे की! क्लॅश या बँडचं 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले' बघा, जून १९७८, सीबीएस ६३८३. चार रंगांच्या कव्हरमध्ये आलं, निळं, हिरवं, पिवळं, गुलाबी. आत रेकॉर्ड तीच. चारही जमवायला मला तीन वर्षं लागली पण एकही महाग नाही पडली. आणि एक्स-रे स्पेक्सचं 'द डे द वर्ल्ड टर्न्ड डे-ग्लो', तेही १९७८, नारिंगी विनाइलवर. काळ्या रेकॉर्डांच्या ढिगातून ती बाहेर काढली की अंगावर येते अक्षरशः. सुरुवात अशाच कॉप्यांनी करा ताई, ज्या लावल्यावर आनंद होतो.

बी_साइड

क्लॅशवरून आठवलं, 'कॅपिटल रेडिओ' ईपी. १९७७ मध्ये तो विकत मिळतच नव्हता. एनएमई या संगीत साप्ताहिकात छापलेलं कूपन आणि बँडच्या पहिल्या अल्बमबरोबर आलेला लाल स्टिकर, दोन्ही पोस्टाने पाठवायचं, मग ईपी फुकट घरी. आता विचार करा, ज्याने ईपी मागवला त्याच्या अल्बममध्ये स्टिकर नाही, आणि ज्याच्याकडे स्टिकर शिल्लक आहे त्याने ईपी मागवला नाही. एकाच माणसाकडे दोन्ही असतील तर त्याने तेव्हा दोन अल्बम घेतले किंवा नंतर शोधून जोडी जमवली.

आणि पुढची गोष्ट मला फार आवडते. तो ईपी चढ्या भावाने विकला जायला लागला हे बँडला कळलं, तर त्यांनी ते गाणं परत रेकॉर्ड करून १९७९ च्या 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग' ईपीवर टाकलं, म्हणजे सगळ्यांना मिळावं. आपण जमवणाऱ्यांनी हे कायम डोक्यात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. मी जादा कॉपी कधीच चढ्या भावाने देत नाही, घेतली त्याच किमतीला पुढे देतो.

अनवट

बी_साइड, शंभर टक्के सहमत. क्रास या बँडने तर 'रिअ‍ॅलिटी असायलम'च्या कव्हरवरच छापलं होतं की ४५ पेन्सपेक्षा जास्त देऊ नका.

ती सिंगल निघाली त्याचं कारणही कारखान्यातच आहे. १९७८ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आयर्लंडच्या कारखान्यात दाबायला गेली, तिथल्या कामगारांनी त्यातल्या 'असायलम'ला आक्षेप घेऊन काम करायचं नाकारलं. तेव्हा बँडने ते गाणं काढलं आणि त्या जागी शांतता ठेवली, तिला नाव दिलं 'द साउंड ऑफ फ्री स्पीच', आणि ते गाणं नव्याने करून वेगळी सिंगल काढली. नंतर त्यांनी स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीतून ती पहिली रेकॉर्ड परत काढली तेव्हा गाणं परत आलं. म्हणून मी आधीच्या स्मॉल वंडर कंपनीची ती शांततेवाली कॉपी जपून ठेवलीये. सुई फिरत राहते, खाचेची बारीक खरखर तेवढी ऐकू येते, आणि मग पुढचं गाणं धाडकन सुरू होतं. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं अ‍ॅम्प्लिफायर गेला.

मोनो

ही मात्र कानाने कळणारी गोष्ट आहे! ऐकायलाच हवी.

आणि अंडरटोन्स या बँडला विसरू नका रे. 'टीनेज किक्स' सप्टेंबर १९७८ मध्ये बेलफास्टच्या गुड व्हायब्रेशन्स या छोट्या कंपनीने काढलं, घडी उलगडली की पोस्टर होणारं कव्हर. बीबीसीच्या जॉन पीलने रेडिओवर लागोपाठ दोनदा वाजवलं आणि पुढच्याच महिन्यात सायर या मोठ्या कंपनीने परत काढलं. आवाजाच्या बाबतीत सायरची कॉपी छान आहे, कुणी तिला कमी लेखू नये. पण गुड व्हायब्रेशन्सवाली घेत असाल तर कव्हरच्या घड्या तपासा. तो कागद घडीवरच फाटतो, आणि लोक आतून टेप लावून बाहेरून फोटो काढतात. उलगडलेल्या कव्हरचा दोन्ही बाजूंनी फोटो मागवा.

काळी_तबकडी

टेपवरून एक सांगतो, मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात रेकॉर्ड ठेवू नका. काही वर्षांनी विनाइलवर धुरकट थर चढतो आणि तो धुऊन निघत नाही. पॉलिथीनची पाकिटं वापरा, उभी ठेवा, फार कोंबू नका. माझ्या दोन चांगल्या सिंगल्स अशाच गेल्या.

टेनिस_शूज

काळी_तबकडी, हे वाचून लगेच उठले आणि सगळी पीव्हीसीची पाकिटं बाजूला काढली. खाचताई, गुलाबी 'व्हाइट मॅन' मागवली आज! पहिलीच.

सात_इंची

मंडळी, दोन बातम्या.

एक, विकणाऱ्याने ऐकलं. फोटो बघून फरकाचे पैसे परत केले, रेकॉर्ड माझ्याकडेच ठेवतोय. १९७९ ची असली तरी 'बोअरडम' तेच आहे, त्यातलं ते दोनच सुरांचं गिटार सोलो तेच आहे, आणि खरं सांगायचं तर आता ती "विथ हॉवर्ड डिव्होटो" ओळ मला आवडायला लागलीये. १९७७ ची मिळाली की हिच्याशेजारी लावेन.

दुसरी, अनवट यांचं वाचून रात्री माझं 'अनार्की' काढलं. सहा वर्षं आहे माझ्याकडे, कव्हर इएमआयचं नेहमीचं, म्हणून मी ते कायम नंतरचंच समजत होतो, मागची बाजू कधी वाचलीच नाही. वाचली. 'आय वॉना बी मी'खाली क्रिस थॉमस लिहिलंय. तीनदा वाचलं. हात थरथरत होता.

अनवट

अरे वा! अभिनंदन!! तबकडी सुरुवातीचीच आहे मग, कव्हर कुणीतरी मधेच बदललं असणार. साधं काळं कव्हर फाटलं की लोक हाताला येईल त्यात रेकॉर्ड टाकायचे. आता सुटं काळं कव्हर विकायला दिसलं तर घेऊ नका, साधा काळा कागदच तो, कुणीही बनवेल. आहे तशीच राहू द्या.

खाच

किती छान! आता आडवा टॉर्च मारा आणि सांगा, नऊला काय आहे आणि तीनला काय आहे?

सात_इंची

नऊला १ आहे, तो नक्की. तीनला दोन अक्षरं आहेत, पहिलं जी वाटतंय, दुसरं आर की ए ते या दिव्यात कळत नाहीये. सकाळी उजेडात बघून लिहितो.